न गेलेल्याची वाट

तू गेलाच नव्हतास.

मग तुझ्या परत येण्याचं मी काय करू, इव्हान सर्गेयेविच?

मार्च १९३८. चिलीच्या डोंगरांत आभाळातून एक जळता गोळा उतरला. इतकंच. तिथून तू सुरू होतोस, शेवटाकडून. जन्म नाही, अंगण नाही, आईचा चेहरा नाही. एक जाळ, आणि त्या जाळातून बाहेर आलेला माणूस. त्याच्या बुटांना चंद्राची धूळ लागली होती की नव्हती, ते पाहायला तिथे कुणी उभं नव्हतं.

तुझ्यासाठी रडायचं तर कुठे बसून रडायचं? तुझं थडगं नाही. तुझं गाव नाही. ज्या देशानं तुला पाठवलं तो देश नाही. आणि तू तर नव्हतासच. नसलेल्या देशानं नसलेल्या माणसाला धाडलं, तो न जाताच परतला, आणि इथे पडद्यासमोर घसा माझा दाटला. कुणाला सांगायची सोय नाही.

*

अलेक्सेई फेदोरचेन्कोनं तुला घडवलं. २००५ साली, येकातेरिनबुर्गात, स्वेर्दलोव्स्क स्टुडिओत. शहरानं सोव्हिएत काळातलं नाव टाकून दिलं होतं, स्टुडिओनं ते अंगावर तसंच ठेवलं होतं. चित्रपटाचं नाव ‘पेर्विये ना लुने’. चंद्रावरचे पहिले. सव्वा तासाचं काम. त्याचं म्हणणं असं, की गागारिनच्या तेवीस वर्षं आधी आणि आर्मस्ट्राँगच्या एकतीस वर्षं आधी सोव्हिएत संघानं चंद्राकडे माणूस पाठवला होता. जुन्या फिल्मचे तुकडे एकामागून एक येत राहतात, कुठल्याशा तळघरात लोखंडी डब्यांतून सापडल्यासारखे. अधूनमधून आजचे रंग येतात, म्हातारी माणसं आठवून आठवून बोलतात. आणि मग पुन्हा तो राखाडी उजेड.

त्या उजेडानं मला धरलं.

ओरखडे. पडद्यावर उभे कोसळणारे, न थांबणारे ओरखडे.

कोपऱ्यांतून आत सरकत येणारा काळोख.

उजेड जास्त झाला म्हणून पुसला गेलेला कुणाचा तरी गाल.

मला ठाऊक आहे, हे ओरखडे मुद्दाम पाडलेत. हा काळोख कुणीतरी भिंगासमोर हातानं बसवलाय. तरी काय होतं ते सांगतो. खोटं म्हातारपणही म्हातारपणासारखंच वागतं. ते थरथरतं, अडखळतं, मध्येच चार चौकटी विसरून जातं. आणि विसरलेल्या त्या चार चौकटींच्या जागी क्षणभर जे पांढरं लखलखून जातं, तिथे मला खात्रीनं वाटतं, की तू होतास. नेमका तिथे होतास. जिथे फिल्म जळाली, तिथे.

*

तुम्ही चौघं, चंद्रासाठीचे उमेदवार.

तू, नादेझ्दा स्वेतलाया, हनीफ फत्ताखोव्ह, आणि ठेंगू मिखाइल रोश्चिन. फिरणाऱ्या यंत्रांत बसवलेले, तपासलेले, मोजलेले. पांढऱ्या बनियनमधली, ताठ मानेची ती तीसच्या दशकातली माणसं. पुढे काय आहे हे ज्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं आणि ज्यांनी ते खरं मानलं होतं, अशी माणसं. तुमच्या हसण्यात शंका नाही. मला आता तसं हसता येत नाही, माझ्या ओळखीत कुणालाच येत नाही. त्या हसण्याकडे बघताना आधी गंमत वाटते, मग थोडी लाज, मग पोटात खड्डा पडतो.

आणि तुम्हाला कोण बघतंय?

पोलीस.

फेदोरचेन्कोनं हे काय करून ठेवलंय, इव्हान. तुम्हा चौघांचं जे काही आमच्यापर्यंत पोचलं, ते गुप्त पोलिसांच्या लपवलेल्या कॅमेऱ्यांतून. तुम्ही जेवताना, बोलताना, एकटे असताना. प्रेमानं तुम्हाला कुणीच टिपलेलं नाही. पाळत ठेवणाऱ्या डोळ्यानं टिपलंय. आणि तरीही त्या डोळ्याखेरीज तुमचा सांभाळ दुसऱ्या कुणी केला नाही. चित्रपटात एक जण म्हणतो त्याचा आशय असा, की जे जे घडलं ते चित्रित झालेलं असणारच, आणि चित्रित झालं आहे म्हणजे ते घडलंच. तो हे सहज बोलून जातो. मी मात्र तिथेच अडकून राहिलो. कारण मग ज्यांचं चित्रण झालं नाही, त्यांचं काय?

*

रॉकेट गेलं.

संपर्क तुटला.

बस.

चंद्र या चित्रपटात फारच थोडा आहे. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तोच जवळजवळ नाही. मला हे फार आवडलं. यानं चंद्र नीट रंगवून दाखवला असता, विवरं, सावल्या, झेंडा, तर तो सिनेमा झाला असता आणि मी पॉपकॉर्न खाऊन घरी गेलो असतो. इथे फक्त वर गेलेला आवाज आहे आणि त्यानंतर खाली उरलेली माणसं. हेडफोन कानाला लावून बसलेली. सुईकडे बघत. मग मान खाली. मग कागद गोळा करणं. मग दारं बंद. ज्यांनी तुला पाठवलं तेच तू गेल्याची खूण पुसायला लागले, आणि त्या वेळी तू बहुधा वरून त्यांच्याकडेच बघत होतास, निळ्या गोळ्यातला तो मोठा पसरट तुकडा शोधत, बोट ठेवून म्हणत असशील, ते बघ, ते माझं.

आणि मग तू परत निघालास. चिलीच्या डोंगरातून, जिथे तुझी भाषा कुणाला येत नाही. पॅसिफिक ओलांडून, ज्याचं पाणी वरून तू एका नजरेत पाहिलं होतंस आणि आता लाटेलाटेनं कापत होतास. चीनमधून, मंगोलियाच्या गवतातून, रोज थोडा थोडा, पायांवर, जणू चंद्राहून घरी यायला आभाळातला रस्ता अर्धाच असतो आणि उरलेला अर्धा माणसाला जमिनीवरून चालावा लागतो, सीमेवरून सीमेवर, नाव सांगत, नाव लपवत, नाव विसरत, आणि इतकं सगळं चालून तू जेव्हा आपल्या माणसांच्या दारात उभा राहिलास तेव्हा त्यांनी तुला विचारलं, कुठून आलास, आणि तू खरं सांगितलंस.

वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं तुला.

आणखी कुठे ठेवणार होते?

आमच्याकडे पानिपतानंतर भाऊसाहेब परतले असं म्हणत एक तोतया आला होता, आणि तो खोटा असूनही कित्येकांनी त्याला खरं मानलं, कारण परतणारा कुणीतरी त्यांना हवा होता. तुझं नेमकं उलटं झालं. तू खरा होतास आणि तू कुणालाच नको होतास.

(बघ, मीही ‘खरा होतास’ म्हणून बसलो.)

पुढे तू तिथून निसटलास. मागावर माणसं सुटली. तू सर्कशीत लपलास. अलेक्सांद्र नेव्स्की झालास, भुशाच्या रिंगणात, पत्र्याच्या चिलखतात. आयझेनस्टाइनचा ‘अलेक्सांद्र नेव्स्की’ १९३८ चाच. सगळं त्या एका सालात कोंबलेलं आहे. खरं बोलायचं तर सर्कशीचा भाग मला जरा लांबलेला वाटतो, दिग्दर्शकाला तिथे स्वतःच्या कल्पकतेची मौज वाटायला लागलेली दिसते. पण तू रिंगणात उभा असतोस, चेहऱ्यावर रंग, वरून दिव्याचा गोल झोत, आणि ज्या माणसानं पृथ्वीला गोल पाहिलं तो त्या वर्तुळाबाहेर पाऊल टाकत नाही. तेवढ्यासाठी मी बाकीचं सोसतो.

*

मार्चचं काय आहे कोण जाणे.

चित्रपटातला तुझा जाळ मार्चमधला. चित्रपटाबाहेर त्याच १९३८ च्या २३ मार्चला व्हालेंतीन ग्लुश्कोला उचलून नेलं. रॉकेटची इंजिनं घडवणारा, तिशीही न गाठलेला. १९६१ च्या २३ मार्चला दुसरा एक व्हालेंतीन, बोंदारेन्को, वय २४, अवकाशवीरांच्या पहिल्या तुकडीतला सर्वांत लहान, मॉस्कोत आवाजबंद खोलीत जळाला. आतल्या हवेत प्राणवायू जास्त होता. स्पिरिटचा एक बोळा तापलेल्या शेगडीवर पडला. कित्येक दिवसांची शांतता, आणि तिच्या शेवटी तेवढा उजेड. वीस दिवसांनी गागारिन वर गेला, साऱ्या जगानं त्याचं हसू पाहिलं. बोंदारेन्कोचं नाव त्याच्या देशानं १९८६ पर्यंत उच्चारलं नाही.

आणि २००१ च्या २३ मार्चला ‘मीर’ हे अवकाशस्थानक खाली आणलं. पंधरा वर्षं फिरत असलेलं ते घर, दक्षिण पॅसिफिकवर. फिजीतून लोकांनी पाहिलं, आभाळात सोनेरी रेघा, एकामागून एक, आणि मग स्फोटांचे उशिरा पोचलेले आवाज. तुझ्या चिलीच्या जाळाच्या आणि त्या जाळाच्या मधे तोच एक समुद्र. पुढच्या चार वर्षांत येकातेरिनबुर्गात तुझा चित्रपट तयार झाला. मी यातून काही जुळवत नाही. नुसत्या तारखा शेजारीशेजारी ठेवून बघतो, जसे हातात आलेले फोटो बघावेत.

मार्चमध्ये आमच्या माळांवर पळस फुललेला असतो. पान एक नाही, नुसता जाळ.

त्याच पळसाच्या पानांची आमच्याकडे माणसाची आकृती करतात. माणूस गेला, देह सापडला नाही, वाट बघून बघून डोळे थकले, की करतात. पळसाची पानं, दर्भ, डोक्याच्या जागी नारळ. तिला अग्नी देतात. मग सुतक धरता येतं. मग रडता येतं. त्याआधी रडणं अशुभ, कारण काय सांगावं, येईल.

हा चित्रपट म्हणजे तो पालाशविधी आहे, असं मला पाहतापाहताच वाटायला लागलं. सेल्युलॉइडचा देह. ओरखड्यांचा, धुरकट उजेडाचा, उसन्या चेहऱ्याचा. बोरिस व्लासोव्ह नावाच्या नटाचा चेहरा डोक्याच्या जागी ठेवलाय. आणि अग्नी म्हणून प्रोजेक्टरचा दिवा.

पण देह तुझा नव्हे. तू फक्त आकृती. मग ज्याचा देह सापडला नाही, तो कोण?

*

तेच मला विचारायचं आहे, इव्हान. तुझ्याआडून मी कुणासाठी रडलो?

१९३३, १७ ऑगस्ट. मॉस्कोजवळ नाखाबिनो. सर्गेई कोरोलेव्ह आणि त्याच्या सवंगड्यांचं पहिलं रॉकेट, फक्त १८ सेकंद. चारशे मीटर वर जाऊन ते खाली आलं. चारशे मीटर! चांगला पतंगही तितका चढतो. पण ती माणसं त्या रात्री झोपली असतील का?

१९३४, ३० जानेवारी. ‘ओसोआव्हियाखिम-१’ नावाचा बलून, आत तिघं, बावीस किलोमीटरवर. तोवर इतक्या उंचीवर कुणी गेलं नव्हतं. तिथे आभाळ काळपट जांभळं दिसतं, दुपारीही. ते तिघांनी पाहिलं. सांगायला तिघांतलं कुणी खाली जिवंत आलं नाही. क्रेमलिनच्या भिंतीत तीन अस्थिकलश.

आणि मग तुझं साल उजाडलं. १० जानेवारी १९३८, इव्हान क्लेयमेनोव्ह, रॉकेट संस्थेचा प्रमुख. गोळी. ११ जानेवारी, गेओर्गी लांगेमाक, त्याचा सहकारी. गोळी. मार्चमध्ये ग्लुश्को. २७ जूनला कोरोलेव्ह. जो पुढे स्पुत्निक सोडणार होता तो कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत, हिरड्या सडलेल्या, दात पडलेले. चंद्रावर जाण्याचं जे साल तुला दिलंय ना, त्याच सालात खऱ्या रॉकेटवाल्यांच्या घरांची दारं रात्री वाजत होती. फेदोरचेन्कोनं ते तोंडानं कुठे म्हटलं नाही. त्यानं फक्त तुला त्या सालात सोडून दिलं.

कोरोलेव्हचे कैदेतले फोटो आहेत. सरळ आणि बाजूनं. तशा लाखोंच्या वाट्याला तेवढेच दोन फोटो आले. कॅमेऱ्यामागे एक कंटाळलेला शिपाई, भिंतीशी एक माणूस, खिडकीतून किंवा दिव्यातून आलेला उजेड, एक खटका. काहींच्या आयुष्यात त्यानंतर उजेड नव्हताच. तेव्हा तो पाळत ठेवणारा कॅमेरा फेदोरचेन्कोनं कल्पनेतून काढला असं कुणी म्हणू नये. चित्रपटात त्यानं केलं इतकंच, की त्या कॅमेऱ्याला भिंतीवरून उचललं आणि थोडं वर, आभाळाकडे, वळवलं.

*

तुझ्या दोन वर्षं आधीही एक चित्रपट आला होता.

वासिली झुराव्ल्योव्हचा ‘कॉस्मिचेस्की रेइस’, १९३६. मूकपट. त्यात सोव्हिएत माणसं चंद्रावर जातात, १९४६ साली. त्याचा सल्लागार होता कालुगाचा म्हातारा मास्तर, कॉन्स्तान्तीन त्सिओल्कोव्स्की. लहानपणी तापात कान गेले होते. पत्र्याचे मोठे कर्णे स्वतः बनवून कानाला लावायचा. ऐकू न येणाऱ्या माणसानं बोलू न शकणाऱ्या चित्रपटासाठी चित्रं काढून दिली, वजनरहित माणसं कशी तरंगतील, गोल दारातून कशी बाहेर पडतील. सप्टेंबर १९३५ मध्ये तो गेला. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा प्रेक्षकांत तो नव्हता.

त्या चित्रपटात चंद्र दहा वर्षं पुढे होता. तुझ्या चित्रपटात तो सदुसष्ट वर्षं मागे आहे.

मधे कुठेतरी तो घडून जायला हवा होता. कुणीतरी एकदा हात पुढे करून तो पकडायला हवा होता. पण १९३६ मध्ये तो ‘अजून’ होता आणि २००५ मध्ये ‘तेव्हा’, आणि अजून आणि तेव्हा यांच्या सांध्यात एक अख्खं शतक पडून गेलं, मिरवणुका, दुष्काळ, युद्ध, खाणी, पदकं, पुतळे, पुतळ्यांचे उतरवलेले हात, आणि त्या सगळ्यावरून दर पंधरवड्याला तोच एक पांढरा गोळा भरत होता, ओसरत होता, ज्याला यातलं कशाचंच काही नव्हतं.

तसे पोचले ते. यंत्रं पोचली. ‘लूना-३’ ऑक्टोबर १९५९ मध्ये चंद्राच्या पाठीमागे गेलं आणि कुणी कधी न पाहिलेली ती बाजू फिल्मवर घेतली. फिल्म तिथेच धुतली, यानाच्या पोटात, अंधारात, माणसावाचून. मग रेघेरेघेनं खाली पाठवली. धूसर, डागाळलेली, ओरखड्यांनी भरलेली चित्रं. तुझी फिल्म त्यांच्यासारखी दिसते. ती बघताना मला पहिल्यांदा कळलं, की फेदोरचेन्कोच्या धुरकट उजेडाला सख्खं भावंड आहे, आणि ते खरं आहे.

त्या न दिसणाऱ्या बाजूला एक काळं विवर आहे. त्याला मास्तराचं नाव. तिथेच कुठे कोंद्रात्युकच्या नावाचंही विवर आहे. तो तर तुझाच थोरला भाऊ शोभावा. खरं नाव अलेक्सांद्र शार्गेइ. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन जगला, १९२९ मध्ये नोवोसिबिर्स्कला स्वतःच्या खर्चानं ग्रहांवर जाण्याचं पुस्तक छापलं, सायबेरियात लाकडाचं अवाढव्य धान्यकोठार बांधलं, १९४२ मध्ये युद्धात नाहीसा झाला. मुख्य यान चंद्राभोवती फिरत ठेवून लहान होडीनं खाली उतरावं, हे त्यानं लिहून ठेवलं होतं. माणसं पुढे त्याच रीतीनं उतरली. दुसऱ्या देशाची.

आणि बोंदारेन्को. त्याच्या नावाचंही विवर त्याच बाजूला आहे.

म्हणजे तो पोचला.

*

मी हे कुणाला ऐकवतोय? तू तर बाहेरच्या या माणसांना ओळखत नाहीस.

ग्रिगोरी नेल्युबोव्ह. गागारिनच्या तुकडीतला. सोचीत काढलेल्या तुकडीच्या फोटोत उभा होता, नंतर त्यातून पुसला. त्याच्या जागी झाडी उगवली. फेब्रुवारी १९६६ मध्ये रेल्वेखाली गेला. अलेक्सेई लिओनोव्ह, जो रंगीत पेन्सिली घेऊन अवकाशात गेला होता, जो चंद्रावर उतरायची तालीम करत होता. त्याचं ते भलंमोठं रॉकेट, एन-१, चार वेळा निघालं, चारही वेळा वाटेत विझलं. जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन तिथे असताना त्याच आभाळातून ‘लूना-१५’ खाली येत होतं, एकटं, माणूस नसलेलं. आदळलं. चंद्रावर आवाज होत नाही.

सर्गेई क्रिकाल्योव्ह मे १९९१ मध्ये वर गेला आणि मार्च १९९२ मध्ये उतरला. पुन्हा मार्च. दरम्यान देश संपला होता. ३११ दिवस. तो तर खराच, हाडामांसाचा, आणि त्याच्यावर तुझीच वेळ आली. फरक इतकाच की उतरल्यावर त्याच्या खांद्यावर कुणीतरी कोट टाकला. तुझ्या खांद्यावर कुणी टाकला नाही.

आणि ‘बुरान’. एकदाच उडालं, नोव्हेंबर १९८८, आत कुणी नसताना, आणि आपलं आपण उतरलं. २००२ च्या मे महिन्यात बायकोनूरच्या शेडचं छप्पर त्याच्यावर कोसळलं. आठ कामगार गेले. एकदा अवकाशात जाऊन आलेलं यान, पडून होतं, धूळ खात.

मी हे सगळं तुझ्या नावाखाली रडून घेतलं. तुझ्याकडे फिल्म होती म्हणून. त्यांच्याकडे नव्हती. आकृतीला अग्नी दिला, तेव्हा कुठे त्यांचं सुतक मला धरता आलं.

*

माझा काय संबंध, असं तू विचारशील.

नाहीच म्हण. पण मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं आमच्या कपाटात होती. प्रगती प्रकाशन, रादुगा. जाड कागद, स्वच्छ ठसे, चार-दोन रुपये किंमत, आणि एक वेगळाच वास, शाईचा की लांबच्या थंडीचा. गागारिन १९६१ च्या अखेरीला मुंबईत येऊन गेला, तेव्हा रस्ते माणसांनी भरले होते असं थोरली माणसं सांगायची. १९८४ मध्ये राकेश शर्मा त्यांच्याच यानातून गेला. त्या पुस्तकांतलं पुढे काय होणार हे ठरलेलं होतं. चंद्रावर शेती होणार होती. मुलं मंगळावर सहलीला जाणार होती. ते सगळं २००० सालाच्या आसपास होणार होतं, आणि आम्ही तोवर वयात येणार होतो, म्हणजे वेळ बरोबर साधणार होती.

पुस्तकं आली तशी थांबली. कुणी निरोप घेतला नाही. एका वर्षी पुस्तकांची गाडी आली नाही, इतकंच.

ते भविष्य खोटं होतं, त्याच्या तळघरात काय चाललं होतं, हे आता माहीत आहे. शहाण्यानं त्याच्यासाठी अश्रू ढाळू नयेत. पण लहानपणी ज्या खिडकीतून उजेड आला ती खिडकी भिंतीवर नुसती रंगवलेली होती असं कळल्यावर, आलेल्या उजेडाचं काय करायचं असतं? तो तर अंगावर पडला होता. ऊब लागली होती.

तुला पाहिलं आणि ती ऊब परत आली, इव्हान. थंड होऊन. चंद्रावरून आल्यासारखी.

*

एक सांगायचं राहिलं. व्हेनिसच्या महोत्सवात तुझ्या चित्रपटाला बक्षीस मिळालं, २००५ मध्येच. माहितीपटाचं!

मी मोठ्यानं हसलो होतो ते वाचून. मग थांबलो. ज्याला इस्पितळात कुणी खरं मानलं नाही अशा तुला इटलीतल्या परीक्षकांनी ‘खरं’ या खात्यात जमा करून टाकलं होतं. क्लेयमेनोव्हला असं कुणी बक्षीस दिलं नाही. नेल्युबोव्हच्या जागची झाडी कुणी कापली नाही. पण तुझी नोंद झाली, सही-शिक्क्यानिशी, की तू गेला होतास.

तर मग ऐक. नोंद झालीच आहे तर पुढच्या खेळाला, दिवे गेले की, एक कर. कुठल्याशा गावात, अर्ध्या रिकाम्या सभागृहात, तुझं रॉकेट पुन्हा निघेलच. नादेझ्दाला घे, ती तयारच होती. हनीफला घे, रोश्चिनला घे, त्याला फारशी जागा लागत नाही. क्लेयमेनोव्ह आणि लांगेमाकला हाक मार. मास्तराला त्याचा कर्णा घेऊन बसव खिडकीशी. शार्गेइला त्याच्या खऱ्या नावानं बोलाव. बोंदारेन्कोला आत घेताना शेगडी आधी बाहेर काढ. बलूनमधल्या तिघांना विचारायला नको, ते अर्ध्या वाटेवर उभेच असतील. लिओनोव्हच्या पेन्सिली सांडतील, त्या धर.

रॉकेटमध्ये जागा एकाचीच आहे, ठाऊक आहे मला.

तरी सरक जरा.